आधी धन हलवा, मन मागून येतं

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि एक रात्र मध्ये जाऊ दिली, मग लिहायला बसलो. तुम्ही म्हणताय की नाशिकच्या अंबडला कंपनीत क्वालिटीमध्ये आहात, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, हप्ता चालू आहे, दोन मुलं आहेत, रविवारी न चुकता चर्चमध्ये उपासनेला जाता पण गाणी चालू असतानासुद्धा डोक्यात हप्ता, मुलांची फी, सोमवारचं ऑडिट हेच फिरत राहतं, आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे पास्टरांनी, "वरील गोष्टींकडे मन लावा" हे बायबलमधलं वचन प्रवचनाला घेतलं की जास्तच अपराधी वाटतं. म्हणून तीन गोष्टी विचारल्यात. मन देवाकडे लागत का नाही, नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावं का, आणि मिसेस म्हणतात आधी मुलांसाठी थोडं साठवू या, तर साठवणं चुकीचं आहे का.

मी पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेलो नाही. नाशिकरोडला करन्सी नोट प्रेसमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील म्हणजे एल्डर म्हणून सेवा केली, म्हणजे घरोघरच्या प्रार्थना सभा, आजाऱ्यांच्या भेटी, मयतीची कामं, भांडलेल्या घरांमध्ये जाऊन बसणं. त्यामुळे जे सांगतो ते पुस्तकातून कमी आणि लोकांच्या घरात आणि स्वतःच्या घरात बघितलेलं जास्त.

पहिली गोष्ट, मन लागत नाही याचं कारण तुमचं मन वाईट आहे असं नाही. तुम्ही उलट्या टोकाकडून ओढताय. आपण सगळे असंच करतो, आधी मन वर लावायचा प्रयत्न करतो, डोळे मिटतो, लक्ष केंद्रित करतो, दोन मिनिटांनी मन परत खाली, की स्वतःला दोष देतो. प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात जे सांगितलं ते नीट वाचा, तो म्हणतो जिथं तुझं धन आहे तिथं तुझं मनही लागेल. म्हणजे क्रम बघा. आधी धन, मग मन. तो असं म्हणाला नाही की जिथं मन असेल तिथं धन आपोआप जाईल. मन हे धनाच्या मागे जाणारं आहे, वासरू जसं गायीच्या मागे जातं तसं. तुम्ही गाय गोठ्यात बांधून ठेवलीय आणि वासराला कान धरून देवळाकडे ओढताय, ते परत पळणारच.

आणि धन म्हणजे फक्त पैसा नाही. सकाळचा पहिला अर्धा तास हे धन आहे, रात्री झोप लागायच्या आधी आपण ज्याचा विचार करतो ते धन आहे, ज्या गोष्टीला कोणी हात लावला तर आपल्याला राग येतो ते तर नक्कीच धन आहे. हे मला फार उशिरा समजलं, त्याची गोष्ट सांगतो.

आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात, नाशिकच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांचं असतं तसंच. वडील गेल्यावर जमिनीवरून मोठ्या भावाचं आणि माझं बिनसलं. वाद होता चौदा गुंठ्यांचा. माझं म्हणणं खरं होतं, कागद माझ्या बाजूने होते, हे आजही म्हणतो. पण अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या अकरा वर्षांत मी मंडळीत वडील झालो, प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर वाटून घेतात तेव्हा, भाकरीचं ताट घेऊन फिरलो, उपवास प्रार्थना चालवल्या. आणि खरं सांगतो, उपासनेत बसलो की मन सातबाऱ्यावर. पाळकसाहेब क्षमेवर बोलायला लागले की मी मनातल्या मनात तलाठ्याला काय सांगायचं ते ठरवत असायचो. मी प्रार्थना करत होतो की प्रभू माझं मन स्वच्छ कर, आणि वर्षामागून वर्ष काही होत नव्हतं.

मग एका रविवारी प्रभुभोजनाआधी मत्तयचा पाचवा अध्याय वाचला गेला, की वेदीवर दान आणताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे मी शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी लक्षात आलं की यात "माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे" असं लिहिलेलं नाही, "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं लिहिलंय. म्हणजे कोण बरोबर हा प्रश्नच तिथं नाही. मी भाकर घेतली नाही, घरी आलो, मिसेसना सांगितलं, त्या म्हणाल्या करा. पुढच्या आठवड्यात एसटीने गावी गेलो आणि भावाला म्हटलं दादा, हक्कसोड पत्र करून देतो, कागद काढ.

भावाने गळ्यात पडून रडावं असं काही झालं नाही. त्याला वाटलं यात काहीतरी डाव आहे. तो माझ्याशी नीट बोलायला लागला त्याला अजून दोन वर्षं लागली. पण मला जे सांगायचंय ते हे, की सही करून आलो त्यानंतरच्या रविवारी मी उपासनेत बसलो आणि पहिल्यांदा मन जागेवर होतं. मी काही जोर लावला नव्हता. धन हललं होतं म्हणून मन हललं.

इथं एक गोष्ट फार स्पष्ट सांगतो कारण मी हे होताना बघितलंय. माझ्या गोष्टीवरून कोणी असं समजू नका की हक्क सोडणं हीच आत्मिकता. आपल्या समाजात बहिणींना "प्रभूसाठी समाधानी राहा" असं सांगून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात आणि वर वचनं सुद्धा ऐकवली जातात. ते पाप आहे. आपलं धन सोडायला देव ज्याचं त्याला सांगतो, दुसऱ्याचं धन सोडवून घ्यायला तो कोणाला पाठवत नाही. विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे ना, तिच्या अगदी आधीच्या ओळींमध्ये विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभू बोललाय, ते सोडून वाचू नये.

आता प्रेसमधलं सांगतो, कारण पैशाविषयी मला जे काही समजलं ते तिथं समजलं. बत्तीस वर्षं माझ्या डोळ्यासमोरून नोटा गेल्या. ही प्रेस १९२८ पासूनची, माझ्या आधी किती पिढ्या तिथं राबल्या. नवीन माणूस आला की पहिले काही दिवस त्याचे डोळे मोठे होतात, नंतर त्याला ते सगळं कागद दिसायला लागतं, मोजायचा, तपासायचा, शाई पसरली असेल तर बाजूला काढायचा कागद. संध्याकाळी गेटवर झडती देऊन बाहेर पडायचं आणि भाजी घ्यायला खिशात आपलेच वीस रुपये. नोटेचा कागद चांगला असतो, पण तिची किंमत कागदात नसतीच. नोटेवर बघा काय छापलेलं असतं, धारकाला इतके रुपये अदा करण्याचं वचन देतो, आणि खाली गव्हर्नरची सही. किंमत आहे ती त्या वचनाला. सही करणारा जोपर्यंत शब्द पाळतो तोपर्यंत तो कागद म्हणजे पैसा.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली की पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून चालणार नाहीत. ज्या नोटांवर माझ्या आयुष्याची वर्षं गेली होती त्या चार तासांत व्यवहारातून गेल्या. कागद तोच, शाई तीच, गांधीजींचं चित्र तेच. वचन मागे घेतलं गेलं, बस. मी त्या रात्री झोपलो नाही. पुढे काही आठवडे आम्ही रविवारीसुद्धा काम केलं, नव्या पाचशेच्या नोटा हव्या होत्या, देशभर लोक रांगेत उभे होते. मला काही बंधूंनी विचारलं की रविवारी कामाला कसे जाता, तर मी म्हटलं शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, माणसासाठी झाला हे प्रभूनेच सांगितलंय, लोकांना औषधाला पैसे मिळत नाहीत तर जायलाच पाहिजे, मी रात्री घरी उपासना करीन. पण तेच रविवार ओव्हरटाइमच्या डबल पगारासाठी गेले असते तर माझं उत्तर वेगळं असतं. काम तेच, धन कुठं आहे त्यावर फरक पडतो.

त्या दिवसांत लूकचा सोळावा अध्याय मला उघडला. तिथं प्रभू म्हणतो की या जगाच्या धनाने आपल्यासाठी मित्र जोडा, म्हणजे ते नाहीसं होईल तेव्हा तुम्हाला सार्वकालिक वस्तीत घेतील. "नाहीसं झालं तर" असं नाही, "होईल तेव्हा". जुन्या नोटा बँकेत भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती ना, तसंच आहे हे. पैसा वाईट नाही, पण तो बंद होणार आहे हे ठरलेलं आहे, आणि बंद होण्याआधी तो अशा गोष्टीत बदलून घेता येतो जी बंद होत नाही. भुकेल्याच्या ताटात, कोणाच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीमध्ये, विधवेच्या घरभाड्यात, सुवार्तेच्या कामात. ही सगळी बदलून घेण्याची खिडकी आहे आणि ती आपल्या शेवटच्या श्वासापर्यंत उघडी आहे. ज्यांनी नोटा गादीखाली ठेवल्या आणि मुदत गेली त्यांची तोंडं मी बघितली आहेत, म्हणून मला हे वचन नुसतं उदाहरण वाटत नाही.

देवाचं वचन मात्र कोणी मागे घेत नाही. आपण मराठीत नोटेवरच्या शब्दालाही वचन म्हणतो आणि शास्त्रातल्या शब्दालाही वचनच म्हणतो, पण सही कोणाची आहे ते बघायचं.

आता पाळकसाहेबांनी घेतलेल्या वचनाकडे या, कलस्सैकरांस पत्र तिसरा अध्याय. "वरील गोष्टींकडे मन लावा" ही दुसरी ओळ आहे. आपण तिथंच थांबतो आणि वाटतं की आता ढगांकडे बघत बसायचंय. पुढे वाचा. पाचव्या ओळीत लोभ, आणि लोभाला हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सरळ मूर्तिपूजा म्हणतो. मग राग, शिव्या, खोटं बोलणं. तेराव्यात एकमेकांची क्षमा. अठरा एकोणीसमध्ये नवरा बायको. एकवीसमध्ये बापांना सांगितलंय की मुलांना चिडवू नका, त्यांचं मन खचेल. तेविसाव्यात काम, जे काही कराल ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जीव लावून करा, आणि हे तो कोणाला सांगतोय तर गुलामांना, ज्यांना पगार सुद्धा नव्हता. म्हणजे पौलाने मन वर लावायला सांगितलं आणि लगेच तो थेट स्वयंपाकघरात आणि कामाच्या जागेवर आला. वर लागलेलं मन खाली असं दिसतं. तुमचं मन वर लागलंय की नाही हे गाण्याच्या वेळी डोळ्यात पाणी आलं का यावरून कळत नाही, सोमवारच्या ऑडिटमध्ये एखादं रीडिंग बसत नसेल तर तुम्ही ते खरं लिहिता का यावरून कळतं. क्वालिटीचं काम करता ना, तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. खोटं रीडिंग न लिहिणं ही तुमची अंबडमधली उपासना आहे.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे, नोकरी सोडू नका. निदान या कारणासाठी तरी नाही. तुम्हाला वाटतंय की सेवेत आलो की मन आपोआप देवाकडे लागेल. नाही लागत. मी पूर्णवेळ सेवकांच्या घरात बसलोय, त्यांनाही फी भरायची असते, आणि वर कोणत्या मंडळीत किती लोक आले ही एक वेगळीच काळजी असते. थेस्सलनीकात काही लोकांनी प्रभू लवकर येणार म्हणून कामधंदा सोडला होता, त्यांना पौलाने स्पष्ट लिहिलं की जो काम करायला तयार नाही त्याने खाऊ पण नये. पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवत होता. ज्याला देव खरंच बोलावतो त्याचं बोलावणं कंटाळ्यातून येत नाही, मंडळीलाही ते दिसतं, घरालाही दिसतं, आणि ते वर्षभर थांबवलं तरी जात नाही. तुमचं तसं असेल तर मागाहून बोलू. पण हप्त्यापासून पळायचा रस्ता म्हणून सेवेकडे बघू नका, मुलांना त्याची किंमत द्यावी लागते.

बरं, मग करायचं काय. मी काय करतो ते सांगतो, तुमच्या शिफ्टप्रमाणे बदला.

सकाळी मोबाईलला हात लावायच्या आधी शास्त्र. हे एकच केलं तरी महिन्याभरात फरक दिसतो, कारण दिवसाचं पहिलं धन कुठं पडलं हे मनाला कळतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, गजरासाठी साधं घड्याळ घ्या. वाचायला काय, तर शुभवर्तमानाचा रोज एक अध्याय. चार शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय आहेत, म्हणजे तीन महिन्यांत प्रभूचं जीवन चारही जणांच्या तोंडून ऐकून होतं आणि वर्षात चार वेळा. सोबत एक स्तोत्र. रिटायर झाल्यापासून मी रोज पाच वाचतो, १५० स्तोत्रं बरोबर महिन्यात होतात, पण तुम्ही एकापासून सुरू करा आणि ते मोठ्याने वाचा, मुलं उठली असतील तर त्यांच्या कानावर पडू द्या.

प्रार्थनेचा क्रम बदला. आपण सगळे भाकरीपासून सुरू करतो. प्रभूने शिकवलेली प्रार्थना बघा, आधी तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा, या तीन गोष्टी झाल्यावर मग आमची रोजची भाकर. भाकर मागू नका असं नाही, हप्ताही सांगा देवाला, आकड्यासकट सांगा, पण चौथ्या नंबरला. मी कितीतरी वेळा बघितलंय की पहिल्या तीन मनापासून म्हटल्या की चौथी मागताना आवाज खाली येतो, घाबरेपणा जातो. आणि भाकर "आजची" मागायची आहे, वीस वर्षांच्या हप्त्यांची भाकर आज मागितली तर ती डोक्यावरच पडते.

पैशाचं. पगार आला की पहिल्यांदा देवाचं बाजूला काढा, उरलं तर देऊ असं म्हणाल तर उरत नाही. दशांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग, जमत नसेल तर जेवढं दोघांना मिळून आनंदाने जमेल तेवढं ठरवा, पौल हर्षाने देणाऱ्याविषयी बोलतो, रडत देणाऱ्याविषयी नाही. त्यातला काही भाग मंडळीत आणि काही भाग असा की जो तुम्ही स्वतःच्या हाताने एखाद्या माणसाला द्याल, त्याच्या घरी जाऊन, त्याच्याकडे चहा पिऊन. मन माणसाच्या मागे पटकन जातं. एक सावधगिरी मात्र. हल्ली काही सभांमध्ये सांगतात की इतकं पेरा, शंभरपट मिळेल, गाडी मिळेल, बंगला मिळेल. तिथून उठून या. ते धन स्वर्गात हलवणं नाहीये, ते देवाला फिक्स डिपॉझिट समजणं आहे, मन परत त्या बंगल्यातच जातं. ज्यांनी कर्ज काढून असं "पेरलं" त्या घरांमध्ये नंतर मी जाऊन बसलोय, आणि त्यांचा विश्वास परत उभा राहायला वर्षं लागलीत.

पाठांतर करा. हे जुनं वाटेल पण ऐका. आपल्या नाशिकचा शरणपूर रोड रोज हजारो लोक वापरतात, पण ते नाव कशावरून पडलं हे कमी जणांना माहीत असतं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी तिथं ख्रिस्ती वस्ती वसवली, शरण आलेल्यांचं गाव, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणून शिकवली. त्यातलाच एक जेकब वेनराईट. पुढे तो आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आत जंगलात वारला तेव्हा त्याचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं, आणि अंत्यविधीची उपासना वाचली या नाशिकच्या मुलाने. मग बाकीच्यांबरोबर ते शरीर शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणलं, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा तो तिथंही होता. मी या मुलाचा फार विचार करतो. लहानपणी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं, आई, गाव, भाषा, सगळं. शरणपुरात त्याच्या आत जे साठलं तेवढंच त्याच्याकडे होतं, आणि ते त्या जंगलात बाहेर आलं.

असंच आमच्या जेल रोडच्या एका आजींचं. लिहिता वाचता येत नव्हतं, पण तेविसावं आणि एकशे एकविसावं स्तोत्र तोंडपाठ. शेवटची दोन वर्षं त्यांना काही आठवत नव्हतं, मुलांनासुद्धा "कोण हो तुम्ही" विचारायच्या. आम्ही जाऊन "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढं म्हटलं की त्या डोळे मिटून पुढचं सगळं म्हणायच्या, एक शब्द न चुकता, आणि त्यांचा चेहरा त्या वेळी ओळखीचा व्हायचा. मुलाचं नाव गेलं पण ते गेलं नाही. प्रभू म्हणतो ना, स्वर्गातल्या धनाला कसर आणि जंग लागत नाही, ते हे, असं मला त्यांच्या खाटेपाशी बसून वाटलं. त्यामुळे मुलांना संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करायला लावतात त्याला कमी समजू नका, आणि तुम्ही पण करा, कंपनीच्या बसमध्ये करा.

आणि असं करूनही मन कोरडं राहील असे दिवस येतील, महिने येतील. माझ्या मिसेसचं माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षबागा आहेत. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात तेव्हा बाग बघवत नाही, नुसते खुंट, उन्हाचा कडाका, फळ शून्य. बाहेरच्या माणसाला वाटतं फळाची छाटणी म्हणजे ऑक्टोबरची. पण बागायतदाराला विचारा, तो सांगेल की खरड छाटणीनंतर ज्या काड्या येतात त्यांच्या डोळ्यात, म्हणजे फुटव्याच्या जागी, त्याच उन्हाळ्यात सूक्ष्म घड तयार होतो, दिसत नाही, हाताला लागत नाही, पण ऑक्टोबरनंतर जे बाहेर येणार ते तिथं ठरलेलं असतं. तेव्हा पाणी चुकलं की पुढे कितीही फवारण्या करा, काडी वांझ निघते. योहानाच्या पंधराव्या अध्यायात आहे की फळ देणाऱ्या फाट्यालाच बाप छाटतो. मी नाशिकचा असल्याने असेल, पण हे वचन मला समजावून सांगावं लागलं नाही. माझा धाकटा मुलगा एकोणिसाव्या वर्षी गेला, तापाचं निमित्त झालं. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी शास्त्र उघडायचो आणि अक्षरं नुसती अक्षरंच राहायची. तरी उघडायचो. मिसेस बाजूला बसून वाचायच्या, मी ऐकायचो. त्या दीड वर्षात काय तयार झालं ते मला तेव्हा दिसलं नाही, पण आज एखाद्या घरात मूल गेलं की पाळकसाहेब मला बरोबर घेऊन जातात, आणि मी तिथं फार बोलत नाही, नुसता बसतो, आणि त्या आई बापांना ते पुरतं.

सार्वकालिक या शब्दाविषयी पण त्यानंतरच माझं मत बदललं. आधी मला वाटायचं ते मेल्यानंतर सुरू होतं. योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू प्रार्थनेत म्हणतो की सार्वकालिक जीवन हेच, की त्यांनी तुला एकच खऱ्या देवाला आणि तू पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखावं. ओळखणं आजच सुरू होतं. माझा मुलगा ज्याला समोरासमोर बघतोय त्यालाच मी सकाळी साडेपाचला चष्मा लावून ओळखायचा प्रयत्न करतो. आम्ही दोघं एकाच घरात आहोत, खोल्या वेगळ्या आहेत.

राहिला मिसेसचा प्रश्न, साठवणं. त्या बरोबर बोलतायत. नीतिसूत्रांत मुंगीकडे बघायला सांगितलंय, ती उन्हाळ्यात साठवते. तीमथ्याला पौलाने लिहिलंय की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला. पीएफ, मुलांची पॉलिसी, आजारपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे यात पाप नाही, करा. लूकच्या बाराव्या अध्यायातला तो श्रीमंत शेतकरी मूर्ख ठरला तो धान्य झालं म्हणून नाही. त्याचं बोलणं ऐका, माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. जुनी कांदा चाळ पाडून मोठी बांधणार, आणि हे सगळं तो कोणाशी बोलतोय तर स्वतःशीच. त्यात देव नाही, शेजारी नाही, बायको पण नाही. साठवण्याला कुठंतरी "आता पुरे" असा आकडा असला पाहिजे, तो नसेल तर चाळ मोठी होत राहते आणि मन तिच्या कुलपाला लटकलेलं राहतं.

तर मिसेसना हे वाचून दाखवा, त्या नाराज होणार नाहीत. मग या पगाराला दोघांनी मुलं झोपल्यावर बसा, एक वही घ्या, हप्ता लिहा, फी लिहा, साठवायचं लिहा आणि तो पुरेचा आकडा पण लिहा, देवाचं सगळ्यात वर लिहा. एक नाव पण लिहा, ज्याच्या घरी या महिन्यात तुम्ही दोघं जाणार. आणि तुमचा कोणी दादा असेल ज्याच्याशी बोलणं बंद आहे, तर त्याचंही नाव त्याच पानावर लिहा. नाशिकरोडला कधी आलात तर घरी या, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना असते, मुलांना घेऊन या.